वाऱ्याने होणारी जमिनीची धूप आणि किरणोत्सर्गी कणांचे वहन

जमिनीवर साठलेले किरणोत्सर्गी पदार्थ मातीच्या कणांना चिकटलेल्या अवस्थेत वाऱ्याबरोबर उचलले जाऊन अन्यत्र पसरण्याची ही प्रक्रिया होय. अणुचाचण्या, अणुभट्ट्यांतील अपघात किंवा अणुकचऱ्याची उघड्यावरील साठवण यांमुळे मातीत मिसळलेली सिझियम-137, स्ट्राँशियम-90, प्लुटोनियम-239 यांसारखी मूलद्रव्ये पडली तिथेच राहतील असे धरून चालत नाही. जमीन कोरडी आणि उघडी पडली की त्यांचा प्रवास पुन्हा सुरू होऊ शकतो.

वारा माती तीन प्रकारे हलवतो. सुमारे अर्ध्या मिलिमीटरहून जाड कण जमिनीलगत घरंगळतात, 0.1 ते 0.5 मिलिमीटर व्यासाचे कण उड्या घेत पुढे सरकतात आणि त्याहून बारीक धूळ हवेत तरंगत दूरवर जाते. अतिसूक्ष्म कण एकमेकांना घट्ट धरून असल्यामुळे नुसत्या वाऱ्याने सहजासहजी सुटत नाहीत. उड्या घेणारी वाळू त्यांच्यावर येऊन आदळते तेव्हा ते उधळतात. किरणोत्सर्गाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की सिझियम प्रामुख्याने चिकणमातीतील इलाइटसारख्या खनिजांच्या थरांत अडकून बसते. वारा जणू माती पाखडतो : जड वाळू जवळपास पडते आणि किरणोत्सर्गी द्रव्याचा मोठा वाटा असलेली बारीक धूळ पुढे जाते. त्यामुळे उडालेली धूळ मूळ मातीपेक्षा अधिक दूषित असू शकते, आणि श्वासावाटे फुप्फुसात खोलवर पोहोचते तीही हीच. प्लुटोनियमच्या बाबतीत हा धोका विशेष गंभीर आहे. त्याचे अल्फा किरण त्वचा भेदू शकत नाहीत, पण फुप्फुसात रुतलेला कण आसपासच्या ऊतींना दीर्घकाळ इजा करीत राहतो.

या प्रक्रियेचे ठळक उदाहरण रशियातील दक्षिण उरल प्रदेशात घडले. मायाक येथील प्लुटोनियम निर्मिती केंद्राने आपला द्रवरूप कचरा आधी तेचा नदीत आणि 1951 पासून कराचाय या लहानशा, दलदलीच्या तळ्यात सोडला. तळ्याला बाहेर पडणारा प्रवाह नव्हता, म्हणून ते सुरक्षित मानले गेले. विचार पाण्याच्या वाटेचा झाला, वाऱ्याच्या वाटेचा नाही. 1967 च्या वसंतात, कमी बर्फाच्या हिवाळ्यानंतर, पाणी हटले, काठचा गाळ उघडा पडून वाळला आणि जोरदार वाऱ्यांनी तो उचलला. सुमारे 600 क्युरी, म्हणजे 22 टेराबेक्वेरेल (दोन्ही किरणोत्सर्ग मोजण्याची एकके) इतका किरणोत्सर्ग आसपासच्या हजाराहून अधिक चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरला. त्यात सिझियम-137 चे प्रमाण सर्वाधिक होते. याच केंद्रात 1957 मध्ये कचऱ्याच्या टाकीचा स्फोट होऊन बाहेर पसरलेल्या द्रव्याच्या तुलनेत हा आकडा किरकोळ आहे. पण इथे स्फोट झाला नव्हता की यंत्र बिघडले नव्हते, केवळ एक तळे आटले होते. पुढे 1978 पासून पोकळ काँक्रीटचे ठोकळे, दगड आणि माती टाकून ते बुजवण्यात आले. पाण्याचा शेवटचा उघडा भाग 2015 मध्ये झाकला गेला.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात रॉकी फ्लॅट्स येथील शस्त्रनिर्मिती केंद्राच्या आवारात प्लुटोनियममिश्रित तेलाची पिंपे उघड्यावर ठेवलेली होती. ती गंजून तेल जमिनीत झिरपले. 1960 च्या दशकाच्या अखेरीस पिंपे हलवून जागेची साफसफाई करताना माती मोकळी झाली आणि डोंगराकडून येणाऱ्या, तिथे नित्याच्याच असलेल्या सोसाट्याच्या वाऱ्याने ती पूर्वेकडे नेली. 1969 मध्ये त्या जागेवर डांबरी थर घालण्यात आला. स्वच्छतेच्या कामानेच प्रदूषण वाढावे, हा प्रकार अशा ठिकाणी अपवादात्मक नाही.

माती ओली ठेवणे, तिच्यावर गवत वाढवणे किंवा तिला झाकणे हेच प्रतिबंधाचे मुख्य मार्ग आहेत. वनस्पतींचे आच्छादनही कायमचे नसते. युक्रेनमधील चेर्नोबिल अणुभट्टीच्या अपघातानंतर रिकाम्या केलेल्या निषिद्ध क्षेत्रात एप्रिल 2020 मध्ये लागलेल्या वणव्यांनी पालापाचोळ्यात साठलेले सिझियम धुरावाटे पुन्हा हवेत मिसळले.

सिझियम मातीच्या कणांना चिकटून त्यांच्याबरोबरच हलते, या गुणधर्माचा उलटा उपयोग मृदाशास्त्रज्ञ करतात. 1950 आणि 1960 च्या दशकांतील वातावरणीय अणुचाचण्यांमुळे सिझियम-137 जगभर पसरले. न नांगरलेल्या, धूप न झालेल्या जवळच्या जागेशी तुलना करता एखाद्या शेतात ते कमी आढळले, तर त्या चाचण्यांपासूनच्या काळात किती माती गेली याचा अंदाज बांधता येतो. ती पाण्याने वाहून नेली की वाऱ्याने, हे मात्र केवळ या मोजणीवरून ठरवता येत नाही.