पेंट बंद झालेलं नाही
‘विंडोजमधलं चित्र काढायचं पेंट मायक्रोसॉफ्टने केव्हाच बंद केलं, आता मुलांना शिकवून काय उपयोग?’ असं अजूनही ऐकू येतं. जुलै २०१७ मध्ये कंपनीने पेंटला पुढे विकास न होणाऱ्या प्रोग्रॅमच्या यादीत टाकलं आणि बातम्यांनी लगेच त्याचं श्राद्ध घातलं. प्रत्यक्षात ते विंडोजमधून गेलंच नाही. उलट २०२३ मध्ये विंडोज ११ च्या पेंटमध्ये लेयरसुद्धा, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवता येणारे थर, आले.

तेव्हा खुशाल शिकवा. शिफ्ट दाबून धरलं की वर्तुळ अंडाकृती होत नाही. रंग भरायच्या बादलीचा रंग पानभर सांडला, तर रेषेत कुठेतरी पिक्सेलभर फट आहे समजा. कंट्रोल-झेड दाबून तो रंग मागे घ्या, झूम करून फट बुजवा. आणि चित्र पीएनजी फॉरमॅटमध्येच सेव्ह करा. जेपीजीत रेषांच्या कडेला मळकट ठिपके उमटतात, मग बादली तिथे धड भरत नाही.