विचित्र आकड्याची साक्ष

लॉगॅरिदमची छापील कोष्टकं हाताशी घेऊन गणितं करायचे ते दिवस. सायमन न्यूकम या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की या पुस्तकांची सुरुवातीची पानं मळून जातात आणि शेवटची कोरी राहतात. म्हणजे १ ने सुरू होणाऱ्या संख्या लोकांना जास्त लागतात. १८८१ मध्ये त्याने हे लिहून ठेवलं. १९३८ मध्ये फ्रँक बेनफर्ड या भौतिकशास्त्रज्ञाने नद्यांच्या खोऱ्यांपासून लोकसंख्येपर्यंत वीस हजारांवर संख्या जमवल्या आणि नियमाला त्याचंच नाव पडलं. पहिला अंक १ असण्याचं प्रमाण ३०.१ टक्के, ९ असण्याचं जेमतेम ४.६. खोटे हिशेब लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसतं, म्हणून हिशेब तपासनीस हा नियम आवडीने वापरतात.

नोव्हेंबर २०२० मध्ये, अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीनंतर, शिकागोच्या केंद्रनिहाय मतांचे आलेख फिरू लागले. ट्रम्प यांची मतं बेनफर्डच्या रेषेला बऱ्यापैकी धरून, बायडन यांची पार भलतीकडे. पाहणाऱ्यांनी निकाल देऊन टाकला : चोरी पकडली!

समजा, एका केंद्रावर ५०० मतं पडली आणि लोकप्रिय उमेदवाराला ३६० मिळाली. शेजारच्या केंद्रावर ४५० पैकी ४२७, पलीकडे ५६० पैकी ४९२. केंद्रं साधारण एकाच आकाराची आणि शहराचा कल एकीकडे, मग आकडे ३ नि ४ ने सुरू होणार नाहीत तर काय? कमी मतं मिळालेल्याचे आकडे कुठे २३, कुठे ६८, कुठे १४० असे पसरतात, आणि बेनफर्डला हा पसाराच लागतो. प्रौढ माणसांच्या उंच्या सेंटिमीटरमध्ये मोजल्या तर जवळपास सगळ्या १ ने सुरू होतात, त्याला कोणी घोटाळा म्हणत नाही. निवडणुकांच्या आकड्यांवर असे अंक-नियम वर्षानुवर्षं लावून पाहणारे वॉल्टर मेबेन यांनीही त्याच महिन्यात लिहिलं, की हा वापर गैरलागू आहे.

डिसेंबरात टेक्सास राज्याने निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात नेलेल्या दाव्यात तर याहून भारी आकडा होता. चार राज्यांत बायडन जिंकण्याची शक्यता म्हणे एक भागिले एकावर पंधरा शून्यं, त्याहूनही कमी! बेरीज-वजाबाकी चुकली नव्हती. गृहीतक मात्र असं, की बायडन यांना २०१६ च्या उमेदवार हिलरी क्लिंटन यांच्याइतकाच पाठिंबा आणि आधी मोजलेली व नंतर मोजलेली मतं एकाच पोत्यातली. पेनसिल्व्हेनिया आणि विस्कॉन्सिनमध्ये टपाली मतांची पाकिटं मतदानाच्या दिवसाआधी उघडताच येत नव्हती आणि टपालाने मत देणाऱ्यांत बायडन-समर्थकांचा भरणा होता. उशिरा मोजलेली मतं वेगळी निघाली यात नवल ते काय? त्या प्रचंड आकड्याने एवढंच सिद्ध केलं, की गृहीतक खोटं आहे. दावा ११ डिसेंबरला फेटाळला गेला, अर्थात टेक्सासला तो आणण्याचा अधिकारच नाही या कारणावरून. गणितापर्यंत न्यायालय गेलंच नाही.

मग आकड्यांवरून काही कळतच नाही का? कळतं. डिसेंबर २०११ च्या रशियन संसदीय निवडणुकीत हजारो केंद्रांच्या मतदानाच्या टक्केवारीचा आलेख काढला तर ७०, ७५, ८०, ८५ अशा गोल आकड्यांवर सुळके दिसतात. तिथल्या निवडणूक आयोगाच्या तेव्हाच्या अध्यक्षांवरून त्याला ‘चुरोव्हची करवत’ म्हणू लागले. आता २० मतदारांच्या चिमुकल्या केंद्रावर बरोबर ७५ टक्के मतदान सहज होऊ शकतं, तेव्हा थोडे सुळके प्रामाणिकपणे येतातच. कोबाक, श्पिल्किन आणि प्शेनिच्निकोव्ह यांनी म्हणूनच संगणकावर लबाडीविना निवडणुका पुन्हा पुन्हा घडवून पाहिल्या. खरे सुळके त्यांच्या कितीतरी वर निघाले. शिवाय स्वतंत्र पुरावाही होता : मॉस्कोच्या ३,१६४ पैकी १५६ केंद्रांवर चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून निरीक्षक बसवले होते. तिथे सत्ताधारी पक्षाची मतं इतर केंद्रांपेक्षा सुमारे ११ टक्के-बिंदूंनी कमी भरली. मला या सगळ्यात हा प्रयोग सर्वांत देखणा वाटतो.

चूक आणि चोरी यांतही गल्लत होते. मिशिगनच्या अँट्रिम काउंटीत पहिल्या रात्री बायडन पुढे दिसले, आणि हा तर ट्रम्प यांचा बालेकिल्ला. मतपत्रिकेत ऐनवेळी झालेला बदल सगळ्या यंत्रांत भरायचा राहून गेला होता. चूक लगेच दुरुस्त झाली. पुढे कागदी मतपत्रिका हाताने मोजल्या, तेव्हा दुरुस्त निकालात निव्वळ १२ मतांचा फरक पडला.

कागद असला की शितावरून भाताची परीक्षा करता येते, फक्त शीत कोणी निवडून काढलेलं नको. दोन उमेदवारांत ५५ विरुद्ध ४५ असा जाहीर निकाल खरा असेल, तर एखादा चुकीचा निकाल तपासातून सुटण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या आत ठेवायला सरासरी सहाशेच्या आसपास मतपत्रिका पुरतात, एकूण मतदार लाख असोत वा कोटी. पुरावा कच्चा निघाला तर आणखी काढायच्या, वेळ आली तर सगळ्या. फिलिप स्टार्क या संख्याशास्त्रज्ञाची ही पद्धत कोलोरॅडोने २०१७ मध्ये राज्यभर लावली. काउंट्यांनी आपले आकडे आधी जमा केले. मग लोकांसमोर दहा बाजूंचे फासे टाकून वीस अंकी संख्या तयार केली, आणि कुठल्या पेटीतली कितवी मतपत्रिका बाहेर काढायची ते तिच्यावरून ठरलं.