बोट कापल्यावर पेशींना वाट कोण दाखवतं?

विळीवर बोट कापलं की आपण हळद चेपतो, चिंधी बांधतो आणि पुन्हा कामाला लागतो. आतली धावपळ मात्र तेव्हा कुठे सुरू होत असते. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर पडतात आणि नेमक्या जखमेकडे सरकू लागतात. ना डोळे, ना मेंदू. मग दिशा कळते कशी?

२००९ साली हार्वर्डच्या संशोधकांनी झेब्राफिशच्या पारदर्शक पिल्लांच्या शेपटीला छोटीशी जखम केली. (हा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला, गंगेच्या खोऱ्यातला.) साधारण ३ मिनिटांत जखमेच्या काठावर हायड्रोजन पेरॉक्साइड वाढू लागलं आणि २० मिनिटांच्या सुमारास ते सर्वाधिक झालं. काठाशी दाट, आत विरळ होत जाणारा त्याचा पट्टा १०० ते २०० मायक्रोमीटर पसरला. ते तयार करणारं विकर (एन्झाइम) रोखलं, तेव्हा पांढऱ्या पेशींची लगबग थंडावली. जखमेवर ओतल्यावर फेसाळतं तेच हे रसायन! फरक मात्रेचा: बाटलीतलं द्रावण आपल्या पेशींनाही इजा करतं, म्हणून हल्ली डॉक्टर ते वापरायला फारसं सांगत नाहीत.

शेजारी फोडणी पडली, तर वास कुठून येतोय हे आपण दोन पावलं टाकून ठरवतो. जिवाणूही असंच पुढे जाऊन, मघाचं आणि आताचं ताडून बघतात. न्यूट्रोफिलला तेवढीही गरज नसते. तिच्या अंगभर रासायनिक संदेश टिपणारे ग्राही रेणू असतात आणि दोन टोकांकडून येणाऱ्या संदेशांची ती एकाच वेळी तुलना करते. फरक अगदी एखाददोन टक्क्यांचा असला तरी पेशीच्या आत तो वाढवला जातो. जास्त संदेश येतो ते टोक पुढचं ठरतं. तिथे ॲक्टिन या प्रथिनाचे धागे वाढून पेशीचा पडदा पुढे ढकलतात, मागे मायोसिन हे दुसरं प्रथिन आकसून शेपूट ओढून घेतं.

मला सगळ्यांत गंमत वाटते ती पुढच्या खुणेची. फुटलेल्या पेशींतून मायटोकाँड्रियाचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांचे, तुकडे सांडतात. मायटोकाँड्रियाचे पूर्वज जिवाणू होते, त्यामुळे त्यांच्या प्रथिनांवर अजून तीच जुनी ओळख शिल्लक आहे. म्हणून जखमेत एकही जंतू शिरला नसला, तरी न्यूट्रोफिल जंतूंवर धावल्यासारख्या त्या सड्यावर धावून जातात.

त्वचेच्या पेशींची चाल निराळी. त्या एकमेकींना धरून, चादर ओढावी तशा काठांकडून मध्याकडे सरकतात. खपली घाईने उचकटली की तिच्याबरोबर निघून येते ती हीच कोवळी चादर.