१८०४चं केपिंग: कंपनीचं की व्यापाऱ्याचं?

केपिंग म्हणजे मलय मुलखातलं तांब्याचं छोटं नाणं. असे तांब्याचे दोन तुकडे शेजारी ठेवा. दोन्हींवर ढालीचं चिन्ह आणि १८०४. उलटवले की जावी लिपीत, म्हणजे मलय भाषा लिहायच्या अरबी लिपीत, केपिंगमधली किंमत आणि हिजरी साल १२१९. सगळं जुळतं. तरी एक नाणं आहे आणि दुसरं टोकन.

गोम कडेने फिरणाऱ्या इंग्रजी अक्षरांत आहे. 'ईस्ट इंडिया कंपनी' लिहिलं असेल तर ते सुमात्रातल्या बेंकुलेनच्या ठाण्यासाठी कंपनीने पाडून घेतलेलं अधिकृत नाणं. 'आयलंड ऑफ सुमात्रा' असेल तर सिंगापूरच्या व्यापाऱ्यांनी स्वतःच्या खर्चाने इंग्लंडहून मागवलेला माल. बरं, १८०४ साली इंग्रजांचं सिंगापूर होतंच कुठे? तिथे इंग्रजांचं ठाणं वसवणारा कंपनीचा अधिकारी रॅफल्स उतरला १८१९ मध्ये! जुनं साल मुद्दाम घातलेलं, कारण ओळखीचा चेहरा बाजारात चटकन खपतो. तांबं वजनावर घ्यायचं आणि नगावर चालवायचं, मधला फरक खिशात. म्हणून टोकनं बरेचदा हलकी भरतात. पण झिजलेलं अस्सल नाणंही हलकंच भरतं, तेव्हा नुसत्या तराजूवर विसंबू नका.

याला खोटं नाणं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. चेहरा उचलला, पण कंपनीचं नाव तेवढं शहाणपणाने गाळलं.

व्यापाऱ्यांचीच कोंबड्याचं चित्र असलेली टोकनं त्या मानाने सोपी, त्यांची कंपनीच्या नाण्याशी गल्लत होत नाही. मलय लोक त्यांना 'दुइत आयाम', म्हणजे कोंबड्याचा पैसा, म्हणत. कोंबड्याबरोबर 'तानाह मलायु', म्हणजे मलयांची भूमी. मागे बहुतेकदा १२४७, त्यातला शेवटचा सात इंग्रजी व्हीसारखा. हिशेबाने ते १८३१-३२ येतं, पण ते पाडल्याचं साल मानून वहीत लिहू नका. पुढे कंपनीने १८४५ सालाची, राणी व्हिक्टोरियाच्या मुखवट्याची सेंटची नाणी काढली.

झिजलेल्या तुकड्यावर मात्र डोळा फसतो. 'कंपनी' आणि 'सुमात्रा', दोन्ही शब्द इंग्रजीत सात अक्षरांचे आणि दोन्हींत तिसरं अक्षर एम. भिंग घ्या, उजेड तिरका पाडा आणि एमच्या पुढे पी दिसतो की ए, तेवढं बघा.