ट्राउटची चिठ्ठी, कावेरीचा महासीर आणि ‘शिकार’ या शब्दाचा घोळ

हिमाचलात ट्राउट, म्हणजे गार पाण्याच्या नद्यांतला मासा, गळाने धरायचं लायसन्स काढणं आता तसं सोपं आहे. मार्च ते ऑक्टोबर सीझन, मत्स्य खात्याच्या ऑफिसात नाहीतर त्यांच्या ट्राउट फार्मवर जायचं, ओळखपत्र दाखवायचं, पैसे भरायचे (बरीच वर्षं माणशी रोजचे 100 रुपये होते), की चिठ्ठी खिशात. मी पहिल्यांदा तिथल्या तीर्थन नदीवर गेलो तेव्हा तिथल्या माणसाने कार्बन घालून पावती लिहिली, नाव, तारखा, नदी, रॉड एक, आणि शिक्का मारता मारता म्हणाला, दिवसाला सहाच्या वर मासे ठेवायचे नाहीत. ती चिठ्ठी मी प्लास्टिकमध्ये घालून फ्लायच्या (किड्यासारख्या दिसणाऱ्या नकली आमिषांच्या) डबीत ठेवली होती, आणि दुसऱ्या दिवशी पुलाखाली वॉचरने ती खरंच मागितली, उलटीसुलटी करून वाचली, मग माझा गळ हातात घेऊन त्याच्या टोकाचा उलटा काटा पक्कडीने दाबलाय का तेही बघितलं. तेव्हापासून मला या कागदामागची गोष्ट शोधायचा नादच लागला.

तर पहिली गोष्ट, ब्राउन ट्राउट हा मासा इथला नाहीच. 1899 साली त्याची अंडी पहिल्यांदा काश्मीरकडे पाठवली ती वाटेतच मेली, पुढच्या वर्षी स्कॉटलंडहून आलेली जगली आणि श्रीनगरजवळ हारवानला वाढवली. तिथून 1909 मध्ये कुल्लूत. म्हणजे आज आपण ज्याला पहाडी मासा म्हणतो तो बर्फात जपून, बोटीतून आणि घोड्याखेचरांवरून आलेला पाहुणा आहे, आणि एवढा खटाटोप करून आणलेला मासा कुणीही येऊन जाळं टाकून न्यावा हे आणणाऱ्यांना परवडणारं नव्हतं. परवान्याचं मूळ तिथे आहे. निलगिरीत तर कायदाच आधी आला, शिकार आणि मासे राखायचा 1879 चा, ट्राउट तिथे नीट रुजला तो 1900 नंतर.

1897 चा देशभराचा मासेमारी कायदा सगळ्यांना माहीत असतो, डायनामाइट आणि विष टाकून मासे मारणं गुन्हा, बाकी नियम प्रांतांनी करावेत असा. ते ‘बाकी प्रांतांनी करावं’ आजपर्यंत चालत आलंय, म्हणून काश्मीरात नदीचे बीट, म्हणजे ठरावीक पट्टे, पाडून त्या त्या बीटचं परमिट देतात, हिमाचलात रोजची चिठ्ठी मिळते (तिथला कायदा 1976 चा), आणि आपल्याकडे बहुतेक धरणांचे तलाव मच्छीमार सोसायट्यांना ठेक्याने दिलेले असल्यामुळे गळ टाकायच्या आधी सोसायटीलाच विचारावं लागतं. एका राज्याची चिठ्ठी दुसऱ्या राज्यात चालत नाही. 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारी संपेपर्यंत हिमाचलात ट्राउट बंद असतो, कारण थंडी पडली की मादी उथळ पाण्यात गोट्यांमध्ये शेपटीने खळगा करून अंडी घालते आणि त्या गार पाण्यात ती फुटायला काही आठवडे ते महिने लागतात. तेवढ्या काळात कुणी बूट घालून नदीत उतरला तरी पिढी तुडवली जाते, त्यामुळे या बंदीबद्दल माझी कधीच तक्रार नसते.

खरा वाद झाला तो दक्षिणेत, कावेरीवर, आणि तो नीट समजून घेतल्याशिवाय आजचा ‘परवाना मिळेल का’ हा प्रश्न कळतच नाही. म्हैसूरजवळ काबिनीत 1946 साली 120 पौंडांचा महासीर (नद्यांतला मोठ्या खवल्यांचा दांडगा मासा) गळाला लागला होता, मग तीसेक वर्षं बाहेरच्या लोकांना वाटत होतं की एवढे मासे आता संपले, 1970 च्या दशकाच्या शेवटी काही इंग्रज गळवाले येऊन बघून गेले आणि नदीकाठी कॅम्प उभे राहिले, भीमेश्वरी, दोड्डमकळी, गलिबोरे. रोजचे पैसे भरून परवाना, नाचणीच्या उंड्याचं आमिष, मासा लागला की वजन करून फोटो काढून परत पाण्यात. आधी डायनामाइटने मासे मारणारे गावातले काही लोक तिथे गाइड झाले, त्यांना नदीचा प्रत्येक डोह पाठ, आणि रात्री कुठे धमाका झाला तर तेच पहिले धावायचे.

1987 मध्ये तो पट्टा अभयारण्य झाला, तरी कॅम्प चालू होते. 1972 च्या वन्यजीव कायद्यात शिकारीची व्याख्या फार रुंद आहे, मारणं तर आलंच पण पकडणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं हेही त्यात येतं. मग 2002 च्या दुरुस्तीने ‘प्राणी’ या शब्दात मासेही आले. पण त्याच दुरुस्तीनंतर ‘वन्य प्राणी’ म्हणजे कायद्याच्या परिशिष्टात, म्हणजे शेवटी जोडलेल्या याद्यांत, नाव असलेला प्राणी, आणि महासीर तेव्हा कुठल्याच परिशिष्टात नव्हता! म्हणजे एका कलमाने तो प्राणी, दुसऱ्याने वन्य प्राणी नाही, तिसरं कलम म्हणतं की अभयारण्यातल्या कुठल्याही वन्यजीवाला धक्का लावायचा नाही. या तिढ्यातून वरच्या पातळीवर अर्थ असा काढला गेला की मासा सोडून दिला तरी गळ टाकणं ही शिकारच, आणि 2010 नंतरच्या दोन-तीन वर्षांत कॅम्पवरची गळमासेमारी बंद झाली.

बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं, अभयारण्यात एकाला सूट दिली की दुसरा मागतो, आणि गळाला लागलेल्या माशाला त्रास होतोच. पण मला तो निर्णय चुकलेला वाटतो. परवाना होता म्हणून नदीवर दिवसरात्र माणसं होती, आणि प्रत्येक माशाची वहीत नोंद होती. 1998 ते 2012 च्या त्याच नोंदी पुढे संशोधकांनी तपासल्या तेव्हा दिसलं की कुबडवाला नारिंगी महासीर घटत होता आणि निळ्या परांचा वाढत होता. 2012 नंतर वही कोरी. कुबडवाल्याचं शास्त्रीय नाव 2018 मध्ये नक्की झालं आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला.

यात आपला धागा असा की तो निळ्या परांचा मासा कावेरीतला नव्हेच, तो आपल्याकडचा. 1839 साली एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचं वर्णन लिहिलं आणि त्याच्या शास्त्रीय नावात ‘खुद्री’ आलं. पुढे लोणावळ्याच्या हॅचरीत (मासळीबीज केंद्रात) वाढवलेली त्याची पिल्लं चांगल्या हेतूने देशभर सोडली गेली, कावेरीतही, आणि तिथल्या मूळ माशाची जागा त्याने घेतली. पुण्यातल्या पुलांखाली मात्र तो आता दिसत नाही. महाडजवळ सावित्रीच्या वाळणकोंडीत तुम्हाला महासीर बघायला मिळतील, देवीचे मासे म्हणून गावाने राखलेले, पायरीवर बसून कुरमुरे टाकले की पाणी उकळल्यासारखं होतं आणि खालून हातभर लांबीच्या पाठी वर येतात. तिथे गळ टाकायचा परवाना कुणी मागतही नाही आणि देतही नाही.