हृदयाच्या झडपांचे आजार (वाल खराब होणे)

सांगलीकडं याला झडपेचा आजार कुणी म्हणत नाही, "तिचा वाल खराब झालाय" असंच म्हणतात. कृष्णेवर मोटर असलेल्या माणसाला हा आजार समजवायला वेळ लागत नाही, कारण पाइपच्या तळाला जो फूटव्हॉल्व्ह असतो त्याचं आणि हृदयातल्या झडपेचं काम एकच, पुढं गेलेलं माघारी येऊ द्यायचं नाही. हृदयात अशा चार झडपा आहेत, मायट्रल, एऑर्टिक, ट्रायकस्पिड आणि पल्मनरी, आणि दिवसातनं साधारण लाखभर वेळा त्या उघडतात मिटतात.

बिघाड दोन प्रकारचा. झडप जाड होऊन नीट उघडत नाही किंवा नीट मिटत नाही आणि रक्त मागं गळतं, कधी कधी दोन्ही एकदम. मायट्रल झडपेचं तोंड मोठ्या माणसात ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असतं, ते दीडवर किंवा त्याखाली आलं की आजार गंभीर धरतात. मग रक्त फुफ्फुसात तुंबतं आणि धाप लागते.

म्हातारपणी कॅल्शियम साठून एऑर्टिक झडप कडक होते, काहींच्या या झडपेला जन्मतःच तीनऐवजी दोन पाकळ्या असतात. पण आपल्याकडं तरुण वयात वाल जातो तो जास्त करून संधिवाताच्या तापानं. पाच ते पंधरा वर्षांच्या पोराचा घसा स्ट्रेप्टोकोकस जंतूनं धरतो, आपण हळददूध देतो, घसा बरा होतो, आणि दोनतीन आठवड्यांनी आज गुडघा सुजला उद्या घोटा असं सुरू होतं. घशातल्या जंतूशी लढताना शरीर स्वतःच्याच झडपांवर उलटतं. सांधे नंतर पूर्ण बरे होतात म्हणून घरचे निर्धास्त होतात, झडपेवरचा व्रण मात्र राहतो आणि प्रत्येक नव्या तापागणिक वाढतो. त्यासाठीच दर २१ दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन, तेही बरीच वर्षं. इंजेक्शन दुखतं, पोरगं रडतं, उसाच्या फडावर कोपीत राहणाऱ्यांची तर गाव बदललं की तारीखच चुकते, पण ही तारीख चुकवू नये, अगदी कळकळीनं सांगतो.

माझ्या मावशीला चार वर्षं रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या चालू होत्या. घागर घेऊन चार पायऱ्या चढली की थांबायची, रात्री तीन उशा लागायच्या, सपाट झोपलं की खोकला. सगळे म्हणायचे बाईमाणसाला असतोच अशक्तपणा. शेवटी एका डॉक्टरांनी तिला डाव्या कुशीवर झोपवून स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ ऐकत राहिले, कारण मायट्रल अरुंद झाल्याचा आवाज खर्जातला असतो, घाईत निसटतो. मग मिरजेला टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली, त्यात सगळं दिसलं. गरोदरपणी शरीरातलं रक्त जवळपास निम्म्यानं वाढतं, तेव्हा लपलेला आजार एकदम वर येतो, म्हणून लग्नाआधी लहानपणी सांधे सुजले होते का हे पोरीला विचारायलाच पाहिजे.

औषधानं अंगात साठलेलं पाणी उतरतं, धडधड कमी होते, पण झडप सुधारत नाही. मायट्रल अरुंद असेल, फार कडक झाली नसेल आणि गळती जास्त नसेल तर मांडीच्या शिरेतनं फुगा नेऊन ती मोकळी करतात, छाती उघडावी लागत नाही. जपानच्या कांजी इनोए यांनी ही पद्धत १९८४ साली प्रसिद्ध केली. नाहीतर दुरुस्ती किंवा बदली. धातूचा वाल टिकतो खूप, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेचा देशी वाल १९९० पासून बसवला जातोय. प्राण्याच्या ऊतीचा वाल साधारण दहापंधरा वर्षं जातो, तरुणात लवकर झिजतो.

धातूचा वाल असला की रक्त पातळ करायची गोळी जन्मभर आणि आयएनआर तपासणी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते आकड्यात बघायचं. मायट्रलला आकडा बहुधा २.५ ते ३.५ मध्ये ठेवतात, नेमका किती ते ज्याचे त्याचे डॉक्टर ठरवतात. मावशीला धातूचाच वाल बसवलाय, तिच्याकडं या आकड्याची एक छोटी वही आहे, तारीख, आकडा, गोळी अर्धी का पाऊण. मेथी पालक बंद करायची गरज नाही, पण आठवडाभर काहीच नाही आणि मग रोज मेथी असं केलं की आकडा हलतो, त्यामुळं ती बेतानं पण नेमानं खाते. गोळीवर असताना दिवस राहिले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं, गोळी बाळाला बाधू शकते आणि मनानं बंद केली तर वालावर गुठळी होते. दात काढायच्या आधीही वाल बसवलाय हे सांगायचं, अँटिबायोटिक लागतं. रात्री घर शांत झालं की तिच्याशेजारी झोपणाऱ्याला तो वाल टिकटिक ऐकू येतो, घड्याळासारखा.