कंपन्यांच्या वेबसाइटवरची मराठी: पार्श्वभूमी

बियाणं, ठिबक, पंप, खतं, फवारणीची औषधं. महाराष्ट्रात हा माल घेणारा माणूस मराठीत वाचतो, मराठीत भाव करतो आणि तक्रारही मराठीतच करतो. कंपन्यांना हे पुरतं ठाऊक आहे. त्यांची पत्रकं, गावच्या भिंतींवर रंगवलेल्या जाहिराती, कृषी प्रदर्शनातले फलक बहुतेक वेळा चांगल्या, सरळ मराठीत असतात. त्याच कंपनीची वेबसाइट उघडली की मात्र मराठी एक तर नसतेच, आणि असली तर चित्रात अडकलेली किंवा यंत्राने भाषांतरित केलेली असते. ही अवस्था एका दिवसात आलेली नाही. इथे उदाहरणाला शेतीसंबंधी कंपन्या घेतल्या आहेत, कारण मराठी पानाची सगळ्यात जास्त गरज तिथे आहे. बँका, विमा आणि बांधकाम व्यवसायातली परिस्थिती फार वेगळी नाही.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झालं, आणि १९९८ च्या अखेरीस खासगी सेवादारांना परवानगी मिळाली. या काळातल्या कंपनी-वेबसाइट म्हणजे छापील इंग्रजी ब्रोशरच. अध्यक्षांचा संदेश, कारखान्याचा फोटो, उत्पादनांची यादी, पत्ता. वेबसाइट ही गिऱ्हाइकासाठी नसून परदेशी खरेदीदारासाठी आणि बँकेसाठी आहे, अशीच समजूत होती, आणि तेव्हा ती बरीचशी खरीही होती.

याच काळात एक व्यवहार पक्का झाला, तो आजवर टिकून आहे. वेबसाइट करून देणारा आपलं कोटेशन पानांच्या हिशोबाने देऊ लागला: पाच पानी, दहा पानी, इतके फोटो, इतके फॉर्म. खाली एक ओळ असायची की मजकूर ग्राहकाने पुरवायचा. म्हणजे लिहिण्याच्या कामाला दर नव्हता, आणि ज्या कामाला दर नाही ते कोणाचंच नसतं. आधी डिझाइन मंजूर व्हायचं, चौकटी आखल्या जायच्या, आणि शेवटच्या आठवड्यात त्या भरण्यासाठी सेल्स खात्यातल्या कोणाकडून तरी जुन्या ब्रोशरमधले परिच्छेद मागवले जायचे. उद्योगांच्या ऑनलाइन डिरेक्टऱ्यांनी तर मजकुराचा साचाच तयार करून दिला. ‘अग्रगण्य उत्पादक, पुरवठादार व निर्यातदार’ हे वाक्य पुण्याच्या फाउंड्रीपासून जळगावच्या पाइप कारखान्यापर्यंत सगळ्यांच्या नावापुढे सारखंच लागलं. कंपनी नेमकं काय बनवते, ते कोणाला विकते आणि बिघडलं तर फोन कोणाला करायचा, या तीन गोष्टी मात्र त्या वाक्यात नसत.

मराठी पान घालायचं ठरलं की दुसरीच अडचण उभी राहायची, आणि त्या वेळी जो मार्ग निवडला गेला त्यावर आजही मतभेद आहेत. अक्षरांना ठरलेले संकेतांक असावेत म्हणून देशात १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक आलं. त्याच वर्षी युनिकोडची, म्हणजे जगभरच्या लिप्यांसाठीच्या सामायिक संकेतांक-व्यवस्थेची, पहिली आवृत्ती आली, आणि तिच्यातला देवनागरी विभाग इस्कीच्याच आधीच्या आराखड्यावर बेतलेला होता. तरीही वेबवर पुढची बारा-पंधरा वर्षं राज्य केलं ते डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावण्याच्या, फॉन्टांनी. या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. पडद्यावर ‘शेतकरी’ दिसे, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांग असे. प्रत्येक कंपनीच्या फॉन्टमधली मांडणी निराळी. एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात उघडला की त्याचा कालवा व्हायचा, आणि फॉन्टच नसला तर कंस, टक्क्याची चिन्हं आणि रोमन अक्षरं पानभर पसरायची. म्हणून पानाच्या वर सूचना असायची: मराठी दिसत नसेल तर इथून फॉन्ट उतरवून घ्या. सायबर कॅफेत बसलेल्या माणसाला ते करता येत नसे.

१९९७ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोररच्या चौथ्या आवृत्तीने पानासोबतच फॉन्ट पाठवण्याची सोय आणली. वृत्तपत्रांनी ती उचलली आणि त्यांचं पाहून कंपन्यांनीही. पण ती सोय त्या एकाच ब्राउझरपुरती होती. २००४ नंतर फायरफॉक्स वापरणाऱ्यांना तीच पानं पुन्हा चिन्हांचा ढीग म्हणून दिसू लागली.

डीटीपी फॉन्टचा हा मार्ग चुकीचा होता का? त्याची बाजू घेणारे म्हणतात की दुसरा मार्गच नव्हता. डीलरच्या दुकानातल्या विंडोज ९८ वर युनिकोड देवनागरी धड दिसत नसे. विंडोज २००० पासून ‘मंगल’ फॉन्ट आला, तरी २००१ च्या एक्सपीवर देवनागरी नीट दिसायला सेटिंगमध्ये जाऊन एक खूण करावी लागे आणि सीडी घालावी लागे. डीटीपी करणाऱ्यांचा हात टाइपरायटरच्या कळफलकावर बसलेला होता, भारतीय लिप्यांचा प्रमाण कळफलक ‘इन्स्क्रिप्ट’ त्यांना परका वाटे. पानं लावायच्या पेजमेकर या प्रोग्रामला तर युनिकोड देवनागरी कधीच जमली नाही. शिवाय छपाईच्या देखण्या वळणांपुढे ‘मंगल’ खडबडीत दिसायचा, हेही खरं.

हे सगळं २००१-०२ पर्यंत मान्य करता येतं. त्यानंतर मात्र ती सक्ती उरली नव्हती, सवय उरली होती. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला आणि तो पहिल्यापासून युनिकोडमध्ये होता. पुढच्या तीन-चार वर्षांत हौशी मराठी ब्लॉगलेखकांनी पदरमोड करून, एकमेकांना कळफलक शिकवत युनिकोडमध्ये हजारो पानं लिहिली. ज्यांच्याकडे पैसा, माणसं आणि गिऱ्हाईक होतं त्या कंपन्या मात्र जुन्या फॉन्टला चिकटून राहिल्या. याचा दोष तंत्रज्ञानावर ढकलणं मला पटत नाही. निर्णय घ्यायला कोणी बसलंच नव्हतं, कारण मजकूर कोणाच्या कामात मोडतच नव्हता.

किंमत मोठी होती. जुन्या फॉन्टमधलं पान सर्च इंजिनला मराठी म्हणून कळत नव्हतं. एखाद्या कंपनीने डाळिंबाच्या ठिबकाबद्दल कितीही चांगलं लिहिलं असलं, तरी ‘डाळिंब ठिबक’ शोधणाऱ्याला ते सापडणार नव्हतं. युनिकोडकडे वळायची वेळ आली तेव्हा हा सगळा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढावा लागला. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होई, युनिकोडमध्ये ती नंतर साठवली जाते. जोडाक्षर आलं की कन्व्हर्टर अडखळे आणि ‘निश्चित’चं ‘निश्िचत’ होई. अशा चुका हाताने दुरुस्त करायला माणूस लागतो, आणि तो कोटेशनमध्ये नव्हता. मग अनेक कंपन्यांनी सोपा उपाय केला. नव्या वेबसाइटमध्ये मराठी विभाग घेतलाच नाही. जुनी पानं होती ती गेली आणि त्यांच्याबरोबर बऱ्यापैकी लिहिलेला मजकूरही गेला.

दुसरा सोपा उपाय म्हणजे चित्र. कोरलड्रॉ या चित्रकामाच्या प्रोग्राममध्ये जुन्या फॉन्टात केलेलं पत्रक जेपेग, म्हणजे चित्राची फाइल, करायचं आणि होमपेजवर चिकटवायचं. हे आजही सर्रास चालतं. बॅनरवर मोठ्या अक्षरात मराठी दिसते, पण ती मजकूर नसते. मोबाइलवर अक्षरं मुंगीएवढी होतात, कॉपी होत नाहीत, शोधात येत नाहीत, आणि ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याच्या स्क्रीन रीडरला, म्हणजे मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामला, तिथे वाचण्यासारखं काहीच सापडत नाही. एकरी किती मात्रा, फवारणी कोणत्या वेळी, काढणीआधी किती दिवस थांबायचं, ही माहिती अशा चित्रात कोंडलेली असते. मला हे सगळ्यात गंभीर वाटतं.

युनिकोड स्वीकारल्यावरही मराठीची एक खास गाठ सुटायची राहिली. ‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्द अशा कुठल्याही वेबसाइटवर सर्वात आधी लागतो. त्यातला चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. एक, नुक्ता असलेला ऱ वापरून. दोन, साध्या र ला हलन्त देऊन पुढे ‘झीरो विड्थ जॉइनर’ नावाचं न दिसणारं चिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला ते निराळे शब्द वाटतात, त्यामुळे साइटवरच्या शोधखिडकीत एकाने लिहिलेलं दुसऱ्याला सापडत नाही. त्याहून वाईट म्हणजे न दिसणारी चिन्हं म्हणजे कचरा, असं समजून काही प्रणाली ती पुसून टाकतात. मग पानावर ‘शेतकर्यांसाठी’ उमटतं, र उडून य च्या डोक्यावर रफार म्हणून बसतो. लिहिणाऱ्याने बरोबर लिहिलेलं असतं, तपासणाऱ्याने वर्डमध्ये बरोबर पाहिलेलं असतं, आणि वेबसाइटवर ते चुकीचं छापलं जातं. पान चढवल्यावर मराठी वाचणाऱ्या माणसाने ते एकदा पाहणं, एवढाच यावर उपाय आहे. ‘ल’ आणि ‘श’ यांचंही तसंच. पानाच्या कोडमध्ये भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली आणि फॉन्टमध्ये सोय असली तर ही दोन अक्षरं मराठी वळणाची दिसतात. ती नोंद बहुधा ‘इंग्रजी’च राहिलेली असते, कारण विकत घेतलेल्या टेम्प्लेटमध्ये ती तशीच आलेली असते. स्क्रीन रीडरलाही आवाज कोणत्या भाषेचा लावायचा ते त्याच नोंदीवरून कळतं.

डिझाइनच्या बाजूची पडझड थोडक्यात सांगण्यासारखी आहे. २००० च्या आसपास कंपनीचा लोगो गरगर फिरवणारी, फ्लॅश या अ‍ॅनिमेशन-तंत्रातली सुरुवातीची पानं प्रतिष्ठेची समजली जात. २००७ च्या आयफोनने फ्लॅश घेतलं नाही आणि २०२० च्या अखेरीस ते अधिकृतपणे बंद झालं. त्याची जागा होमपेजवरच्या सरकत्या बॅनरांनी घेतली. अपंगांना वापरता येतील अशा वेबपानांची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं १९९९ पासून उपलब्ध आहेत, २००८ मध्ये त्यांची दुसरी आवृत्ती आली. आपल्याकडच्या खासगी कंपन्यांच्या निविदांमध्ये त्यांचा उल्लेख क्वचितच दिसतो.

सप्टेंबर २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि मराठी वाचणारा मोठा वर्ग पहिल्यांदाच वेबवर आला. मराठी पान आता खरोखर हवं होतं, पण जुना मजकूर तर टाकून दिलेला. त्या पोकळीत भाषांतराचं बटण आलं. गुगलच्या भाषांतरसेवेत मराठी २०१३ मध्ये दाखल झाली आणि २०१७ मध्ये नवी न्यूरल पद्धत आल्यावर वाक्यं बरीच सुधारली. या सुधारणेनेच एक अडचण उभी केली. आधीची वाक्यं इतकी मोडकी असत की ती चालणार नाहीत हे व्यवस्थापकालाही दिसे. आता ती वरवर ठीक दिसतात. ‘आम्ही आपल्या सर्व गरजांसाठी सर्वसमावेशक उपाय प्रदान करतो’ या वाक्यात व्याकरणाची चूक नाही, आणि त्यातून शेतकऱ्याला काही कळतही नाही. मूळ इंग्रजीतच काही सांगितलेलं नव्हतं, ते मराठीत कुठून येणार? लेखनसाहाय्य करणारी आजची एआय साधनं हाच साचा आणखी वेगाने भरतात. पंपाच्या पानावर पंपाची माहिती लिहायला पंप माहीत असलेला माणूस लागतो, आणि तो प्रत्येक कंपनीच्या सर्व्हिस विभागात बसलेला आहे. त्याला विचारलं जात नाही.

नियमांच्या बाजूने पाहिलं तर गेल्या दहा-बारा वर्षांत बरंच घडलं, पण भाषेला वळसा घालून. कंपनी कायद्याखालच्या नियमांनुसार कंपनीचं नाव, नोंदणीकृत पत्ता, नोंदणी क्रमांक आणि तक्रारीसाठी संपर्क होमपेजवर द्यावा लागतो. शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपन्यांना चालू स्थितीतली वेबसाइट ठेवणं सेबीच्या २०१५ च्या नियमावलीने बंधनकारक केलं. त्याच नियमावलीत एक लक्षणीय तरतूद होती: आर्थिक निकालांची जाहिरात एका इंग्रजी दैनिकात आणि एका, नोंदणीकृत कार्यालय असलेल्या प्रदेशाच्या भाषेतल्या दैनिकात द्यायची. म्हणजे भागधारकाला मराठीत कळवायला हवं हे तत्त्व छापील कागदासाठी मान्य झालं, वेबसाइटसाठी तशी अट घातली गेली नाही. दुकानांच्या पाट्यांचंही तेच. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या आस्थापनांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. कंपनीच्या दारावरची पाटी तपासायला अधिकारी येतो, आणि ज्या पाटीकडे गिऱ्हाईक रोज मोबाइलवरून पाहतं ती तपासली जात नाही. ग्राहकाला चकवणाऱ्या वेबमांडणीच्या (‘डार्क पॅटर्न’) तेरा प्रकारांवर नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यांचा रोख ऑनलाइन विक्रीवर आहे.

सध्या सर्वात महत्त्वाची घडामोड अपंगांच्या हक्कांच्या बाजूने आली आहे. २०१६ च्या कायद्याने सरकारीच नव्हे, खासगी सेवादारांनाही सुगम्यतेच्या, म्हणजे सेवा अपंगांना वापरता येण्याच्या, कक्षेत घेतलं होतं. पण त्याखालच्या २०१७ च्या नियमांनी ज्या मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवलं, ती मुळात शिफारशीच्या स्वरूपाची होती. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने नेमका हाच दोष दाखवून तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान, बंधनकारक मानकं तीन महिन्यांत निश्चित करण्याचे निर्देश केंद्राला दिले. एप्रिल २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हे जगण्याच्या हक्काशी जोडलं. अशी मानकं खासगी वेबसाइटना खरोखर लागू झाली, तर जेपेगमध्ये कोंडलेल्या मराठी पत्रकांना त्यात जागा राहणार नाही. मजकूर पुन्हा टाइप करावा लागेल, भाषेची नोंद बरोबर करावी लागेल, आणि हे काम कोण करणार याचा रकाना कोटेशनमध्ये घालावा लागेल.